पिवळी चौकट

ताडगोळे आले. कोपर स्टेशनच्या जिन्याखाली टोपलीवर ओलं फडकं टाकून बाई बसली की मला कळतं, आता महिनाभर माझं काही खरं नाही. लोकांना ताडगोळे बघून गार वाटतं, मला घाम फुटतो. डझनभर घेतो, घरी नेतो, सोलायला बसतो आणि अर्ध्यावरच उठतो. बोटं चिकट, नखांत साल अडकलेली, आणि मी गॅलरीत उभा राहून समोरच्या गच्चीवरच्या टाक्यांकडे बघत असतो. बायको आतून विचारते, दर उन्हाळ्यात तुझ्या अंगात काय शिरतं रे? तिला सगळं ठाऊक आहे, तरी विचारते. मी परत आत येतो, उरलेले ताडगोळे सोलतो, पुन्हा उठतो.

हा टायपिंगच्या परीक्षेचा मोसम आहे. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचा टायपिंग क्लास आहे. आमचा म्हणजे बाबांचा. बाबा शहाडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी जुन्या मशिनी जमवून हा क्लास काढला, तेव्हा मी शाळेत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझं काम रिबिनी बदलायचं. बोटं काळीनिळी व्हायची, जेवताना भाताला मशीनच्या तेलाचा वास यायचा. बारा मशिनी एकदम चालू झाल्या की खालच्या रस्त्यापर्यंत खडखड ऐकू जायची, आणि ओळ संपली की टिंग. बारा जणांच्या ओळी बारा वेगवेगळ्या वेळी संपायच्या, त्यामुळे दिवसभर टिंग टिंग चालूच. आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात ते त्या खडखडीमुळे, असं आई म्हणायची.

बाबांचे क्लासमध्ये दोन कायदे. पहिला, मान वर नाही. डोळे उताऱ्यावर, बोटं आपापल्या जागी, आणि काय उमटतंय ते उतारा संपेपर्यंत बघायचं नाही. बघून टाइप करणारा टायपिस्ट म्हणजे पायऱ्या मोजत जिना चढणारा माणूस, असं ते म्हणत. बोटांना माहीत असतं, तुम्ही मध्ये पडू नका. दुसरा कायदा, टेबलावर उतारा आणि हात, तिसरं काही नको. डबा, पर्स, पाण्याची बाटली, सगळं खाली. मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, परीक्षाही कॉम्प्युटरवर गेली, पण हे दोन कायदे बाबांनी तसेच ठेवले. उताराही ते अजून कागदावरच देतात, कीबोर्डच्या डाव्या हाताला.

कॉम्प्युटर मी आणले. ठाण्याच्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो तिथे जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते, त्यातले आठ मी मागून घेतले. एवढ्या जुन्या डब्यांवर नेहमीची सिस्टीम ओढली जाईना, म्हणून फुकटात मिळणारी हलकी सिस्टीम टाकली. बाबा तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, सुमेधनं सगळं स्वतः बसवलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो आणि दोन दिवस त्या वाक्यावर काढायचो.

आता थोडं समजावून सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक काम आपापल्या खिडकीत चालतं. कुठली खिडकी कुठे बसवायची, कुठली पुढे आणायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कीबोर्डवर दाबलेली अक्षरं कुठल्या खिडकीत जाऊ द्यायची, हे सगळं एक छोटा प्रोग्राम बघतो. अक्षरं ज्या खिडकीत जाणार असतील तिच्याभोवती तो रंगीत चौकट काढतो. आमच्याकडे ती पिवळी होती. पिवळी चौकट म्हणजे इथे लिही, बाकी सगळ्या करड्या. क्लासच्या पडद्यावर दोनच खिडक्या असायच्या: मोठी टायपिंगची, आणि वर उजव्या कोपऱ्यात लहानशी, घड्याळाची. वेळ संपली की घड्याळ वाजायचं.

मी जातीचा चुळबुळ्या. चालत्या गाडीचं चाक उघडून बघणारा. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर मी एक सवय लावून घेतलेली: माऊसचा बाण ज्या खिडकीवर नेला तिथे अक्षरं आपोआप जायची, क्लिक करायची गरज नाही. मला क्लिक करायचाही कंटाळा. तीच सवय मी कुणाला न विचारता क्लासच्या आठही कॉम्प्युटरवर टाकली. झालं काय, की बाण जरा हलला की चौकट इकडून तिकडे उडायची, पिवळी-करडी, पिवळी-करडी. मुलं म्हणायला लागली, दादा, डोळ्यांपुढे लुकलुकतं. बाबा म्हणाले, काहीतरी कर. मी केलं. प्रोग्रामात चार ओळी लिहिल्या, की चौकटीचा रंग फक्त क्लिक केल्यावरच बदलेल. लुकलुक थांबली. अक्षरं मात्र अजून बाणाच्याच मागे धावत होती, आणि चौकट आता दुसरंच काही सांगत होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे. पण पडदा कसा शांत दिसत होता! मी आठही पडद्यांसमोरून एक फेरी मारली आणि खूश होऊन घरी गेलो.

त्या उन्हाळ्यात रंजनाताई क्लासला आल्या. राहायला शहाडला, नोकरी ठाण्यातल्या एका सरकारी ऑफिसात. नवरा त्याच ऑफिसात क्लार्क होता, तो गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर यांना घेतलं, एका अटीवर: ठरलेल्या मुदतीत मराठी तीसचं, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांचं, टायपिंग सर्टिफिकेट आणायचं. आणलं तर क्लार्क, नाही तर ती खुर्ची गेली. मुदतीत बसणारी ती शेवटची परीक्षा होती. हे त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना उभ्या उभ्या सांगून टाकलं, रडबिड काही नाही, रेशन दुकानात नंबर सांगावा तसं. ऑफिस सुटल्यावर येताना कोपरला उतरायच्या, दीड तास बसायच्या आणि मग घरी. शनिवारी सुट्टी असायची, तेव्हा दुपारभर बसायच्या.

आणि बोटं! बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अशी विद्यार्थीण दहा वर्षांत आली नाही. मी मागे उभा राहून बघितलं. मान खाली ती खाली, पाठ ताठ, नजर कागदावर, आणि बोटं पावसाच्या पागोळ्यांसारखी एका लयीत. बाजूची मुलं दर ओळीला पडद्याकडे बघत, खोडत, पुन्हा लिहीत. या बाईंचं जगात दुसरीकडे लक्षच नसायचं. उतारा संपला की कागद पालथा घालायच्या आणि मगच वर बघायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी वर बघितलं तर पडदा कोरा. पिवळ्या चौकटीत काहीच नसलेलं पांढरं पान, आणि खाली निकाल: शब्द शून्य. काहीतरी दाबलं गेलं असेल, असं बाबा म्हणाले. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोरं. मग एकाआड एक. कधी पूर्ण उतारा, एकही चूक नाही, कधी शून्य. मी ऑफिसातून यायचो तेव्हा त्या घरी निघालेल्या असायच्या, जिन्यात भेटायच्या, चेहरा उतरलेला. एकदा थांबल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "दादा, माझ्या बोटांचं काही बिघडलंय का हो?" मी म्हटलं, होईल सवय, ताई. बघितलंही नाही मी नीट. माझ्या डोक्यात तेव्हा ऑफिसचं काहीतरी चाललेलं, आता ते काय होतं तेही आठवत नाही.

आमच्याकडचा उन्हाळा अंगाला चिकटतो. खाडीवरून येणारा वारासुद्धा घाम आणतो. दुपारी लाइट गेली की आठही पडदे एकदम काळे, पंखा घरघरत थांबतो, आणि मुलं जागच्या जागी वह्या हलवत बसतात. तशाच एका दुपारनंतर लाइट परत आली, रंजनाताईंनी उतारा केला, आणि पडदा पुन्हा कोरा. बाबांचा पारा चढलेलाच होता. सगळ्यांसमोर म्हणाले, "हात कुठे ठेवतेस तू? घाबरतेस, दुसरं काही नाही. घाबरणाऱ्यांचं हे काम नाही."  रंजनाताईंनी फक्त मान हलवली, कागद सरळ केला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी दारात उभा होतो. मला त्यांची दया आली. हो, दया. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण शोधलं ते बाळारामशेठनी. हे इमारतीचे मालक. त्यांचे आजे-पणजे इथे भात लावायचे आणि मिठागरावर राबायचे; आता त्या जमिनीवर इमारती आहेत आणि शेठ तळमजल्यावर राहतात. टायपिंगचा त्यांना भारी शौक, म्हणजे ऐकायचा. मशिनी होत्या तेव्हा दुपारी खाली आडवे पडले की त्या खडखडीत त्यांना छान झोप लागायची. कॉम्प्युटर आले आणि शेठची झोप उडाली, ते आजतागायत बाबांना त्याबद्दल बोलतात. झोप नाही म्हणून दुपारी वर येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसतात, पंख्याखाली, आणि पडद्यांकडे बघत राहतात. आमच्या क्लासमध्ये पडद्याकडे बघायला परवानगी असलेला तो एकच माणूस.

शनिवारची दुपार होती. मी एका कॉम्प्युटरचा कीबोर्ड उघडून साफ करत होतो. शेठनी मला खुणेनं बोलावलं आणि हळूच म्हणाले, "मास्तरचे पोरा, ती बाय कवापासून लिवते, पन त्या पिवल्या खिरकीन काय पन येत नाय. तो बान बघ, तिकरं घऱ्यालावर जाऊन बसलाय."

मी बघितलं. मोठी खिडकी पिवळ्या चौकटीत ऐटीत बसलेली, आत एकही अक्षर नाही. बाण वर कोपऱ्यात, घड्याळावर. रंजनाताईंची बोटं चाललेली, मान खाली, आणि त्यांची सगळी अक्षरं त्या घड्याळाच्या खिडकीत जात होती, जिला अक्षरांचं काय करायचं तेच माहीत नव्हतं. ती गिळत होती. आणि माऊस? माऊस त्यांनी टेबलाच्या वरच्या कडेला सरकवून ठेवलेला. टेबलावर उतारा आणि हात, तिसरं काही नको. क्लिक करायच्या, चौकट पिवळी झाली की माऊस बाजूला सारायच्या, कागद मांडायच्या आणि मान खाली घालायच्या. बाण कधी घड्याळावर जाई, कधी अलीकडेच थांबे. बाकीची मुलं दर ओळीला वर बघायची, रिकामं दिसलं की पुन्हा क्लिक करायची, त्यांना कधी कळलंच नाही. बाबांचे दोन्ही कायदे तंतोतंत पाळणारी क्लासमध्ये एकटी तीच होती, म्हणून हे एकटीच्याच नशिबी आलं.

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.  त्यांचा तो उतारा मी मध्येच थांबवायला हवा होता. मी थांबवला नाही. घड्याळ वाजलं, त्यांनी कागद पालथा घातला, वर बघितलं आणि मग डबा उचलून त्या घरी निघाल्या.

दुरुस्ती वीस मिनिटांची. त्या गेल्यावर मी माझ्या चार ओळी काढून टाकल्या आणि नियम साधा केला: जिथे क्लिक कराल तिथे अक्षरं, बाण कुठेही भटकू दे. चौकट जे सांगेल तेच खरं. एकेका कॉम्प्युटरवर बसून तीनतीनदा तपासलं. माऊस ढकलला, गरगर फिरवला, मुद्दाम घड्याळावर नेऊन ठेवला. अक्षरं जागच्या जागी. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दुरुस्ती केली की काय केलं ते एका ओळीत लिहून ठेवायची रीत असते. मी लिहिलं, चौकटीचं वागणं सुधारलं. चौकटीचं! बाबांनी विचारलं, काय करतोयस? मी म्हटलं, अपडेट होतं एक.

सांगायचं होतं हो मला. सोमवारी सांगतो म्हटलं. सोमवारी त्यांचा उतारा पूर्ण उमटला, मंगळवारीही, आणि मला वाटलं आता प्रश्न मिटलाच की, कशाला उकरा. पण खरं कारण ते नव्हतं. त्यांना सांगायचं म्हणजे बाबांना सांगणं आलं. बाबा सगळ्यांसमोर त्यांना बोलले ते माझ्यामुळे, हे बाबांना कळणं आलं. सुमेधनं सगळं स्वतः बसवलं, हे वाक्य मग बाबा कुणाला म्हणणार होते? मी रोज क्लासला लवकर यायला लागलो, उगाच वायरी बांधायला लागलो, आणि त्या आल्या की पाणी प्यायला बाहेर जायचो. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, क्लास बंद होता. संध्याकाळी त्या मुलीला घेऊन आमच्या घरी आल्या, पांढरी साडी, हातात खिरीचा डबा. गल्लीतून मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते. बाबा आईशी बोलत होते, मुलगी गॅलरीत उभी होती, आणि स्वयंपाकघराच्या दारात आम्ही दोघंच होतो. यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. मी विचारलं, खीर कशात घातलीत, गुळात की साखरेत?

आणि मग मी बघितलं, की त्या वर बघायला लागल्यात. आधी उताऱ्याच्या मध्ये एकदा. मग दोनदा. मग दर ओळीला. बोटं तीच, पण ओळ संपली की मान वर, पडद्यावर अक्षरं आहेत ना ते बघायचं, मग कागदावर आपली ओळ शोधायची, मग पुढे. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला ताक फुंकू नको म्हणून सांगायचं तर आधी हे सांगायला हवं की ते दूध होतं. गती पडायला लागली. बाबा टेबलांमधून फिरत ओरडायचे, "मान!" आणि त्या दचकून मान खाली घालायच्या, पुढच्या ओळीला पुन्हा वर. तो "मान!" प्रत्येक वेळी माझ्या मानेवर पडायचा. चोराच्या मनात चांदणं. त्या काही विचारतील म्हणून मी घाबरायचो, आणि त्या काही विचारत नाहीत म्हणून बेचैन व्हायचो.

परीक्षेचं केंद्र ठाण्यात होतं. त्या सकाळी मी ऑफिसला जाण्याआधी तिथे गेलो, बाबांनी धाडलेलं. फाटकाबाहेर उमेदवारांची ही गर्दी, सगळे मांडीवर बोटं नाचवतायत. रंजनाताई गुलमोहराच्या सावलीत उभ्या होत्या, हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मला बघून त्यांना बरं वाटलं. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "दादा, इथे पण गायब होईल का हो सगळं?"

"नाही होणार," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"नाही होणार, बघा तुम्ही."

एवढंच. घंटा झाली. त्या आत गेल्या. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. ऑफिसला जायचं होतं तरी गेलो नाही. कोर्टाच्या बाजूला एक फेरी मारली, परत आलो, एक सरबत घेतलं, अर्धं ओतून दिलं. आत जाऊन सांगता आलं असतं का, तर नाही. पण त्याआधी मला किती शनिवार मिळालेले.

निकाल लागला. जेवढं टाइप केलं त्यात एक चूक नव्हती. उतारा पुरा झाला नव्हता. काही शब्द कमी पडले.

हे सांगायला त्या स्वतः क्लासला आल्या, बाबांना वाईट वाटू नये म्हणून. सर, तुम्ही शिकवलंत नीट, माझंच मन घट्ट नाही, असं म्हणाल्या. ते मला ऐकवेना. मी तिथेच, दोघांसमोर, सगळं सांगून टाकलं. चार ओळी, बाण, चौकट, माऊस, शनिवार. घाईघाईत, मधली वाक्यं गाळत, ऑफिसात प्रोग्राममधला बग समजावून सांगतो तसं. त्यांना निम्मं कळलं नसेल, पण हवं ते कळलं. त्यांनी विचारलं, हे कधी सापडलं तुम्हाला? मी सांगितलं. त्या मनातल्या मनात दिवस मोजताना मला दिसल्या.

"गेटवर मी विचारलेलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तेव्हा जरी बोलला असतात ना दादा, तरी मी मान खाली ठेवली असती."

पर्स उचलली आणि गेल्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

बाबा दुसऱ्या दिवशी शहाडला गेले. मला नेलं नाही. पुढे त्यांच्या शेजारच्या एका मुलीकडून कळलं, की चाळीच्या गॅलरीत उभं राहून, चार लोक ऐकतायत अशा आवाजात ते म्हणाले, मी सगळ्यांसमोर बोललो म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, तुझं काही चुकलेलं नव्हतं. घरी आले, हातपाय धुतले, जेवले. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एकदा चहा पिताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशिनी बिघडतात. तू बिघडवलीस त्याचं मला काही नाही. तू दुरुस्त करून गप्प बसलास." मी म्हटलं, हो. 

रंजनाताईंची नोकरी पुरती गेली नाही, खालच्या पदावर गेली. त्याच ऑफिसात शिपाई. ज्या टेबलावर त्या क्लार्क म्हणून बसायच्या त्या टेबलावर आता फायली नेऊन ठेवायच्या. नवऱ्याचे सोबती त्यांना वहिनी म्हणायचे, तेच आता पाणी मागायला संकोचत, असं त्यांनी आईला सांगितलेलं. सर्टिफिकेट मिळवलं तर क्लार्कच्या जागेसाठी पुन्हा अर्ज करता येणार होता. बाबा दर वर्षी फॉर्म भरायच्या दिवसांत त्यांना फोन करायचे. पहिल्या वर्षी त्या नको म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी बघते म्हणाल्या, आल्या नाहीत. बाबा फोन ठेवायचे आणि मी दुसऱ्या खोलीत उभा असायचो, काहीतरी शोधत असल्यासारखा. माझ्यावर रागावून कुणी ओरडलं असतं तर मी सुटलो असतो, असं तेव्हा वाटायचं. कुणी ओरडलं नाही. ऑफिसात कुणी म्हणालं, छोटासा बग आहे रे, तर अजूनही माझा चेहरा बदलतो, आणि ते पोरगं गोंधळून जातं.

मी चुळबुळ सोडलेली नाही, ती सुटणार नाही. पण आता काही बदललं की फळ्यावर मराठीत लिहितो, काय बदललं आणि का. मुलं वाचतात की नाही देव जाणे. बाळारामशेठ वाचतात. आणि शंकाही काढतात.

या वर्षी त्या आल्या. ताडगोळ्यांचा हंगाम लागला आणि चौथ्या की पाचव्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर, जिना चढून सरळ आत. थोड्या वाळल्यात, केस पांढरे झालेत कानाजवळ. मुलगी आता कॉलेजात जाते म्हणाल्या. बाबांच्या पाया पडल्या. माझ्याकडे बघून हसल्या, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तेवढंच. तिसऱ्या रांगेतल्या कॉम्प्युटरवर बसल्या. डबा खाली, पर्स खाली. क्लिक केलं, चौकट पिवळी झाली. माऊस बाजूला सारायला हात गेला आणि तिथेच थांबला.

मी जवळच होतो. या वेळी पाणी प्यायला बाहेर गेलो नाही.

"तुम्ही काही बदललं नाही ना, दादा?" त्यांनी विचारलं.

"नाही. बदललं तर तुम्हाला आधी सांगेन."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली नेली नाही, पण नेली असती तर बरं, इतका वेळ त्या बघत होत्या. मग त्यांनी माऊस सरकवला, कागद मांडला आणि मान खाली घातली. पहिल्या ओळीला वर बघितलं. दुसऱ्या ओळीला बघितलं. गती जेमतेम. बाबा खुर्चीत बसून होते, ओठ घट्ट मिटलेले. मान म्हणून एकदाही ओरडले नाहीत.

त्याला आता तीन आठवडे झाले. परीक्षा तोंडावर आली आहे. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून थेट क्लासला येतो, त्यांच्या मागे उभा राहतो आणि ओळी मोजतो. त्यांना ते माहीत आहे. नको म्हणालेल्या नाहीत. काल पाचव्या ओळीपर्यंत मान खाली होती. आज सहावी गेली. सातवी गेली.  सातवीतून आठवीत जाताना बोटं अडखळली नाहीत, मला वाटलं, जमलं, आणि तेवढ्यात त्यांनी वर बघितलं.

पडद्याकडे नाही. मागे वळून माझ्याकडे.

मी मान हलवली. आहे, सगळं आहे. त्या पुन्हा कागदाकडे वळल्या, आपली ओळ शोधली आणि पुढे लिहायला लागल्या.